पिवळ्या रंगाचे तीन हात

नोला ट्रेलोर आमच्या मागच्या गल्लीत राहते. वय चौऱ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि आवाज असा की ती बोलायला लागली की पलीकडच्या घरातलं कुत्रं गप्प बसतं. ऑस्ट्रेलियातल्या ह्या खाणींच्या गावात, ब्रोकन हिलमध्ये जन्मली, इथेच वाढली, इथेच नांदली. जे इथे जन्मले नाहीत ते सगळे तिच्या लेखी बाहेरगावचे. आम्हाला इथे बावीस वर्षं झाली, तरी कुंपणावरून तिची हाक येतेच, “काय गं बाहेरगावचे, आज काय शिजलंय?”

तिच्या तरुणपणी लग्न झालेल्या बाईनं नोकरी धरायची नाही, असा या गावात कामगार संघटनेचा दंडक होता. नोलानं मग घरालाच नोकरी मानलं. तिचा नवरा क्लेम चौतीस वर्षं खाणीत उतरला. हिवाळ्यात तर अंधारात खाली जायचा आणि अंधार पडल्यावर वर यायचा. दर तीन-चार वर्षांनी दोघं मिळून घर रंगवायची, तो शिडीवर आणि ती खाली. क्लेमचा नियम एकच: ऑइल पेंट, आणि तीन हात. पाण्यात कालवलेला रंग म्हणजे भिंतीला पावडर लावणं, असं तो म्हणायचा.

ते घर पुढे मुलाच्या धंद्यात गेलं. मग धंदाही गेला आणि मुलगाही दूर गेला. राहिली ती ही भाड्याची खोली. पत्र्याच्या घराच्या मागे काढलेली, तोंड दक्षिणेला, आणि इथला सूर्य उत्तरेकडून, म्हणजे ऊन कायमचं पाठमोरं. भिंतींना काळपट तपकिरी फळ्या. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय चहात साखर किती पडली ते कळायचं नाही.

मागच्या जून महिन्यात क्लेमची छाती पार भरली. खाणीतली धूळ इतक्या वर्षांनी आपला हिशेब मागायला आली. नळी नाकात घालून तो इस्पितळात पडला. महिनाभर म्हणा, डॉक्टर म्हणाले. घरी न्यायचं तर न्या.

“त्या बिळात?” क्लेम म्हणाला. मी डबा घेऊन गेले होते, माझ्यासमोरच म्हणाला. “जन्मभर बिळातच होतो मी. मरताना तरी उजेड बघू दे. नाहीतर इथे ही ट्यूबलाइट काय वाईट आहे?”

“ट्यूबलाइटखाली मासे विकतात,” नोला म्हणाली. “तू मासा आहेस का?”

“वास तसाच येतोय म्हणतात.”

ती हसली नाही. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, “त्याला घरी आणणार मी. पंधरा दिवस दे मला.” जणू ते पंधरा दिवस माझ्याच हातात होते.

घरमालकाला तिनं फोनवर विचारलं. तो म्हणाला, काय हवं ते कर, जाताना होतं तसं करून दे. त्याच आठवड्यात नगरपालिकेची अडगळ गोळा करायची पाळी होती. लोक नको असलेलं सामान फुटपाथवर आणून ठेवतात, आणि गाडी यायच्या आत ज्याला हवं ते त्यानं न्यावं, कुणी काही बोलत नाही. नोला मुलाच्या लहानपणची ढकलगाडी घेऊन फिरली. तिनं काय काय आणलं! कुणाच्या तरी न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशा, अर्ध्या फुटक्या. एका कपाटाचे दोन उभे आरसे. एका पाडलेल्या घराची मोठी खिडकी, चौकटीसकट, वरच्या कोपऱ्यात एक लाल काच. जुनी छोटी खिडकी काढून ती मोठी बसवायला शेजारच्या गल्लीतल्या सुताराला तिनं दोन दिवस राबवलं. मजुरी म्हणून लिंबाचा केक.

आरसे मात्र तिनं खोलीत लावले नाहीत. खोलीसमोर अंगण आणि त्यापलीकडे उंच पत्र्याचं कुंपण. हिवाळ्यातलं ऊन घरावरून उडी मारून त्या कुंपणाच्या वरच्या भागावर पडायचं. तिथे तिनं आरसे तारेनं बांधले. मी आत उभी राहून ओरडत होते, “आणखी डावीकडे! जरा खाली!” आणि एकदम छताला उजेडाचा लांबट चौकोन चिकटला. नोला बघायला आत आली, आणि त्या खोलीत मी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पाहिल्या.

मग रंग. हार्डवेअरच्या दुकानात कुणीतरी परत केलेला पिवळा रंग अगदी स्वस्तात होता. मी डबा उचलला. नोलानं त्यावरची चिठ्ठी वाचली आणि तो परत ठेवला.

“पाण्यातला आहे. त्याला कळेल.”

“अगं, तो भिंत चाटून बघणार आहे का?”

“तू त्याला ओळखत नाहीस,” ती म्हणाली. “बघताक्षणी कळेल.”

एका म्हाताऱ्याच्या गॅरेजातून तिला ऑइल पेंटचे तीन डबे मिळाले, दोन पांढरे, एक झणझणीत पिवळा. तिनं ते मिसळले, टर्पेंटाइन घातलं, आणि तीन हात दिले. एकावर एक, पुरते वाळायचीही वाट न बघता, कारण दिवस थोडे होते. जुलैची थंडी होती, दारंखिडक्या बंद. शिडी मी धरली होती. डोळे चुरचुरत होते माझे. एकदा वाटलं, हा वास क्लेमला सोसेल का, विचारावं. पण शिडीवरची ती म्हातारी गुणगुणत होती, आणि मी शिडी घट्ट धरून ठेवली.

गुरुवारी इस्पितळाची नर्स जॅनीन खोली बघायला आली. दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

“किती सुंदर केलंयस गं नोला,” ती म्हणाली, आणि नाकाला रुमाल लावला. “हा कुठला रंग?”

“ऑइल पेंट. तीन हात.”

जॅनीननं रुमाल खाली घेऊन एकदा वास घेतला. मग हळूच म्हणाली, “ऑक्सिजनवरचा माणूस आहे तो. ह्या वासात मी त्याला आत नाही आणू शकत. जीव घुसमटेल त्याचा.”

“दोन दिवसांत जाईल वास.”

“एवढ्या थंडीत? तीन आठवडे धर.”

नोला पालथ्या डब्यावर बसली. तीन आठवडे म्हणजे काय ते तिघींनाही ठाऊक होतं.

पुढचे चार दिवस आम्ही दारं सताड उघडी ठेवली, पंखे लावले. कापलेला कांदा वास ओढतो म्हणतात, म्हणून ताटल्या भरभरून कांदे ठेवले. कांद्याचा वास आला आणि रंगाचा होता तसाच राहिला. एवढ्यात जॅनीननं खटपट करून एक गोष्ट जमवली: मंगळवारी सकाळी, इस्पितळाच्या गाडीतून, अर्धा तास, फक्त अंगणात.

क्लेमची चाकाची खुर्ची त्या मोठ्या खिडकीबाहेर ठेवली. तीन गोधड्या, कानटोपी, नाकात नळी. तो बाहेरून आपल्या खोलीत बघत राहिला. अकरा वाजले तसा छतावरचा चौकोन भिंतीवर उतरला आणि सगळी खोली आतून पेटल्यासारखी पिवळी झाली. लाल काचेचा एक ठिपका रिकाम्या पलंगावर पडला.

“वरच्या कोपऱ्यात दोनच हात आहेत,” क्लेम म्हणाला.

“तीन आहेत. डोळे तपासून घे.”

“पाण्यातला नाही ना?”

“नाही.”

“बघताक्षणी कळलं मला.” त्यानं दम घेतला. “मग आत का नेत नाहीत?”

मी जॅनीनकडे पाहिलं, जॅनीननं घड्याळाकडे.

“इस्पितळाचा पलंग यायचाय अजून,” नोला म्हणाली. “ह्या लोकांचं तुला माहितीये. आज उद्या आज उद्या.”

“सांग त्यांना, घाई करा म्हणावं.”

“सांगते.”

शनिवारी पहाटे तो ट्यूबलाइटखाली गेला.

अंत्यविधीनंतर नोला गल्लीत फारशी दिसली नाही. पलीकडचं कुत्रं दिवसभर भुंकायचं. मी डबा दारात ठेवायचे, रिकामा डबा धुतलेला परत मिळायचा. मग एके दुपारी कुंपणावरून हाक आली, बारीक आवाजात, नुसती “ये गं” एवढीच.

गेले. ती पलंगाच्या कडेला बसली होती. कुंपणावरच्या आरशांवर तिनं चादर टाकली होती.

“नाक चांगलंय ना तुझं?” ती म्हणाली. “वास येतो का बघ.”

मी भिंतीजवळ गेले, नाक लावलं, खोल श्वास घेतला. कसलाच वास नव्हता.

“नाही ना?” ती म्हणाली. “मलाही सकाळपासून येत नाहीये.”