गवारीच्या डिंकात गुंडाळलेली हळद

इरम पिंजारीला ‘जमणार नाही’ म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, की पोरगी दुप्पट हट्टाला पेटायची. कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात ती हळदीतल्या औषधी द्रव्यावर पीएचडी करत होती. हळद नुसती खाल्ली तर मोठ्या आतड्यातल्या जखमेवर तिचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून त्या द्रव्याचे डोळ्यांना न दिसणारे कण करायचे आणि वर गवारीच्या बियांच्या डिंकाचा थर चढवायचा. हा थर जठरात टिकावा आणि मोठ्या आतड्यातल्या जंतूंनी खाल्ला, की औषध तिथंच सुटावं. कागदावर सगळं झकास. प्रत्यक्षात जठरातल्यासारख्या आंबट पाण्यात कण टाकले, की पाणी पिवळं व्हायचं, म्हणजे थर आधीच फुटलेला. दोन वर्षं तिनं पिवळं पाणी ओतून दिलं आणि पुन्हा डिंक भिजवला.

विषय तिनं उगाच निवडला नव्हता. तिचे अब्बा, बादशहाभाई, गाद्या भरणारे. आतड्याला जखमा झाल्यापासून त्यांचं शिरोळकडच्या गावांत कामाला जाणं बंद झालं होतं. संडास जवळ असेल तिथंच काम.

अखेर एका दुपारी पाणी पिवळं झालंच नाही. अब्बांनी गल्लीभर पेढे वाटले.

पंधरा दिवसांत त्यांना पुन्हा संडासातून रक्त पडायला लागलं. इरमनं त्यांच्या रोजच्या गोळ्यांचं पाकीट पाहिलं, तर पेढ्यांच्या दिवसापासून एकही गोळी घेतलेली नव्हती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

“तुझं औषध निघालंय की,” अब्बा म्हणाले. “मग ह्या गोळ्या कशाला? चमचाभर आण त्यातलं.”

“अजून उंदरालाबी दिलं न्हाय, अब्बा.”

“मग मलाच उंदीर समज.”

इरमला हसू आलं नाही. राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली. कण आणणं तिच्या हातात होतं. अब्बांचा ओढलेला चेहरा बघून आणावेत असं वाटलंही. पण तिनं मन घट्ट केलं.

“आणणार न्हाय. ते काचेच्या भांड्यात टिकलंय, माणसाच्या पोटात न्हाय. सगळ्या तपासण्या व्हायला धा वर्सं तरी जातील.”

“मग मला काय उपेग त्याचा?”

“ते घ्यायला तुमी असाय पायजे, म्हणून तर ह्या गोळ्या. तुमी न्हाईसा, तर मी कुणासाठी करतोय हे?”

बादशहाभाईंनी उठून पायात चपला सरकवल्या.

“चल दवाखान्यात,” ते म्हणाले. “धा वर्सं काढायची म्हंजे आजपास्नंच तयारीला लागाय पायजे.”