बियाची वांगी

बी कोणत्या वांग्याचं धरायचं, हे आमच्या घरी फक्त आई ठरवायची. संग्रामपूरजवळच्या मळ्यात ती रोज सकाळी सऱ्यांमधून फिरायची. ज्यांना काटे कमी, कीड कमी, पाण्याचा ताण पडला तरी जी तगून राहतात, अशी तीन-चार झाडं हेरायची आणि त्यांना लुगड्याची चिंधी बांधायची. त्यांची वांगी तोडायची नाहीत. ती झाडावरच पिवळी पडायची आणि पुढच्या सालचं बी व्हायची. बाजारात आमची वांगी हातोहात जायची, ती काही देवाच्या कृपेने नाही. एक बाई वीस-पंचवीस वर्षं निवडत होती म्हणून!

मी शाळेत विज्ञान शिकवतो. निसर्ग निवडतो तसा माणूसही निवडतो, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो.

तीन हिवाळ्यांमागे मळ्यात भरताची पार्टी झाली. तुराट्यांचा जाळ, कळण्याच्या भाकरी, सगळं झकास. आई लग्नाला गेली होती. थोरल्या भावाने नेमकी चिंधीवालीच झाडं, वांगी पिवळी पडायच्या आधीच, ओरबाडली. दुसऱ्या दिवशी आईने मळा पाहिला आणि तशीच भावासमोर येऊन उभी राहिली.

"काऊन तोडले बे? बियाचे होते ना ते!"

"मंग पाहुण्यायले किडके चारू काय? बाकीचे झाडं हायेत ना, त्याचं धर बी."

काय म्हणावं या शहाणपणाला? चांगलं ते खाऊन टाकायचं आणि गाळ पेरायचा! डब्यात जुनं बी नव्हतं. आई त्या दिवसापासून मळ्यात फिरायची थांबली. मग भावाने दोन हंगाम उरल्यासुरल्या वांग्यांचं बी धरलं. आता वांगं होतं लिंबाएवढं, काटे बोटात मोडतात, चिरलं की आत अळी. वर हा म्हणतो, जमीन बिघडली. जमिनीला कशाला दोष देतो? जे ठेवलंस तेच वाढलं.

परवा हे सगळं मी आईसमोर तावातावाने बोललो. भावाची अक्कल काढली. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, "पाहुणे कोनाचे होते?"

पाहुणे माझे होते. माझे मुख्याध्यापक. भाऊ झाडांकडे निघाला तेव्हा मी तिथेच उभा होतो, आणि ती झाडं कोणती हे मला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. "नको" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी साहेबांना आग्रह करकरून वाढलं, आणि स्वतःही दोनदा भरीत मागून घेतलं.