दोन पेशंट, एकच सही

"मॅडम, मी रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल केलेली नाही," नसरीन पुन्हा म्हणाली. नसरीन माझ्या लॅबमधली सगळ्यात जुनी टेक्निशियन. मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं, कारण स्क्रीनवर दिसत होतं ते होऊच शकत नव्हतं.

थोडं समजावते. टी-सेल म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, अंगाचे राखणदार. त्यांचा एक कॅन्सर त्वचेत होतो. दिसायला अगदी इसबासारखा: लाल चट्टे आणि जीव नको करणारी खाज. लोक वर्षानुवर्षं मलमं चोळत बसतात. निरोगी माणसाच्या टी-सेल्सच्या जीन्समध्ये असंख्य वेगवेगळ्या सह्या, म्हणजे ओळखखुणा, असतात. कॅन्सरमध्ये एकच पेशी माजते, तिच्याच कॉप्या निघतात आणि एकच सही उठून दिसते. त्वचेतली सही रक्तातही सापडली, तर आजार रक्तात उतरलाय असं समजायचं. मग उपचार बदलतात आणि घाई करावी लागते.

रावसाहेब नावाच्या पेशंटचा त्वचेचा तुकडा आमच्याकडे आला होता. त्यात अशी एकच सही सापडली. रक्त द्यायला बोलावलं, तर माणूस गायब. बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन कुणी साळुबा रक्त देऊन गेले. त्यातही तीच सही, जशीच्या तशी. दोन माणसांत असं जुळत नाही. नसरीननं टेस्ट परत लावली. परत तेच.

शेवटी मी साळुबांचा नंबर लावला.

"हालो, रावसाहेब टँकरवाले. कोन्ती सोसायटी?"

मी कपाळावर हात मारून घेतला. नसरीनला सॉरी म्हटलं. ती मान हलवून कामाला लागली, पण दुपारचा डबा तिनं एकटीनंच खाल्ला.

रावसाहेब शहराबाहेरच्या करमाड गावाकडचे. पावसानं सलग काही वर्षं दगा दिलेला, आणि शहर मात्र वाढतच चाललेलं. नळ न पोचलेल्या कितीतरी सोसायट्या त्यांच्या टँकरवर जगायच्या. आमचीही त्यातलीच. भर उन्हाळ्यात ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले आणि खुर्चीच्या कडेला टेकले. नाव का बदललं, मी विचारलं.

"लोकं काय म्हनतेल, म्याडम? पानी देनाऱ्यालाच खाज सुटली. पयल्या डॉक्टरचा कंपाउंडर माझंच पानी घेतो. लई लाज वाटती. बायकोला बी हात दाखवत नाय मी."

या लाजेपायी उपचार लांबले होते, आणि आजार रक्तात होता. ते मी सांगितलंच. हेही सांगितलं की हा आजार पाण्यानं होत नाही, कुणाला लागत नाही.

"मंग मी तुमच्या सोसायटीत येऊ ना बिनधास्त?"

"या की," मी म्हटलं.

संध्याकाळी घरी गेले. टाकीचं पाणी ग्लासात ओतलं, आणि ते घशाखाली उतरेना. सगळं मला ठाऊक होतं, तरी उतरेना. मी गुपचूप पाण्याचे जार मागवले. जारवाला आणि टँकर नेमके एकाच वेळी गेटवर. रावसाहेब टँकरपाशीच उभे होते. त्यांनी जार बघितले, मग मला बघितलं. दुमडलेली बाही मनगटापर्यंत खाली ओढली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

जार मी दुसऱ्याच दिवशी बंद केले. रावसाहेबांचे उपचार सुरू झाले, आजार आटोक्यात आहे. टँकर अजून त्यांचाच येतो, पण बरोबर ते येत नाहीत. ड्रायव्हर येतो.

माझ्या रिपोर्टवर इतरांनी विश्वास ठेवावा, अशी माझी फार अपेक्षा असते.