फळ्यावरची सगळ्यात वरची ओळ

वाचनालयाचा फळा रोज पुसला जातो, पण त्याच्यापायी झालेल्या भांडणांचे किस्से काही पुसले जात नाहीत. एक सांगायला बसलं की मागून चार उभे! मी मेढ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, तेव्हाचे, म्हणजे नव्वदनंतरचे हे.

आमचे अध्यक्ष रिटायर्ड सुभेदार. त्यांनी दारात फळा टांगला आणि हुकूम सोडला, "पुण्या-मुंबईचं दिनविशेष पेपरात येतंय. आपलं कोण लिवणार? आजच्या तारखेला आपल्या भागात काय घडलं, तेवढंच लिवायचं." नियम एकच. ज्यांनी डोळ्यांनी बघितलंय असे दोन साक्षीदार पाहिजेत, आणि त्यातला एक घराबाहेरचा. अक्षर बरं म्हणून खडू माझ्या हातात!

*

एकदा काहीच मिळेना. फळा कोरा ठेवायला सुभेदार तयार नाहीत. शेवटी चहावाला म्हणाला, "आज माझं लगीन झालं हुतं."

"त्यानं तालुक्याला काय फरक पडला?" सुभेदारांनी विचारलं.

"मला पडला की!"

दोन वऱ्हाडी साक्षीला आले. नाइलाजानं लिहिलं. दुपारी चहावाल्याची बायको तणतणत हजर. "माझं नाव कुठाय? लगीन काय ह्यांनी एकट्यानंच केलं व्हय?"

*

मग एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. कार्यकर्ते जीप घेऊन दारात.

सुभेदार म्हणाले, "जन्मताना बघितलेले दोघं आणा."

पठ्ठ्यांनी खरंच साहेबांच्या आईला जीपमधून आणलं! सुभेदारांनी म्हातारीला खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाले, "ह्या घरच्या झाल्या. आता बाहेरचा एक."

*

खरी रणधुमाळी एस्टीची. वरच्या वाडीला आणि खालच्या वाडीला पहिली एस्टी एकाच दिवशी आली. फळ्यावर वर नाव कुणाचं?

खालचे म्हणाले, "गाडी आधी आमच्यातनं गेली."

वरचे म्हणाले, "गेली, पर थांबली का? थांबली आधी आमच्यात!"

सुभेदार स्वतः वरच्या वाडीचे. पहिली एस्टी आली तेव्हा ते फौजेतून रजेवर आलेले, एस्टीला हार त्यांनीच घातलेला. तरीही पक्षपात नको म्हणून त्यांनी मला दोन्ही नावं गोलात लिहायला लावली. दिवसभर लोक माना वाकड्या करून वाचत होते. संध्याकाळी खालच्या वाडीचे सरपंच आले, गोलाभोवती बोट फिरवलं आणि म्हणाले, "गोल झ्याक हाय. पर सुरुवात कुठनं केली?"

*

त्याच दिवशी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. रजनीताई. वरच्या वाडीच्या बौद्धवाडीतल्या.

"सुभेदार, ह्याच तारखेला आणखी एक झालंय. समदा गाव एस्टी बघायला फाट्यावर गेला हुता ना? तवा माझ्या आईनं गावच्या विहिरीचं पाणी शेंदलं. तवर ती विहीर आमाला बंद हुती. मी बारकी, तिचा पदर धरून उभी हुते."

एक सदस्य पुटपुटले, "जुनं कशाला उकरायचं?"

सुभेदारांनी त्यांना गप्प केलं, पण नियम सोडला नाही. "ताई, तुमी घरच्या. बाहेरचं कोण?"

"हाय की. पर नाव मी घेणार न्हाई. तिनं आपल्या पायानं यावं."

पुढच्या वर्षी त्या तारखेला त्या परत आल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही. ड्युटीचे पांढरे कपडे, हातात छत्री, तोंडात तेच वाक्य, "आईचं नाव फळ्यावर आल्याबगार मी थांबायची न्हाई." मला त्यांची भीती वाटायची आणि अभिमानही. दर वर्षी मी मुकाट्यानं एस्टीचा गोल काढायचो.

मग एका हिवाळ्यात सुभेदारांचे वडील गेले.

पुन्हा ती तारीख आली. माझा गोल काढून झाला होता. रजनीताई पायरीवर उभ्या. तेवढ्यात सुभेदारांच्या थोरल्या वहिनी आल्या. आम्ही त्यांना वाचनालयात कधी पाहिलंच नव्हतं.

सुभेदार उठून उभे राहिले. "वैनी, तुमी हितं?"

"साक्षीला आलेय. नव्या नवरीला एस्टी बघायला न्यायचं न्हवतं, म्हणून मी एकलीच मागं हुते. हिच्या आईकडं घागर हुती, दोर न्हवता. दोर मी दिला. तिनं पाणी शेंदलं, घागर डोक्यावर घेतली आन ताठ मानंनं गेली." वहिनी सुभेदारांकडे वळल्या. "सांजच्याला मामंजींनी त्याच दोरानं मला हाणलं. तुमी तवा हाराची गोष्ट सांगत वसरीवर बसला हुता, भावजी."

सुभेदारांनी माझ्या हातातला खडू घेतला, एस्टीचा गोल पुसला आणि सगळ्यात वर, वाकड्यातिकड्या अक्षरात स्वतः लिहिलं, 'आजच्या दिवशी वरच्या वाडीच्या विहिरीचे पाणी बौद्धवाडीच्या सोनाबाईंनी शेंदले.' एस्टी तळाला गेली. त्या दिवशी दोन्ही वाड्यांतून कुणी भांडायला आलं नाही.

रजनीताईंनी ती ओळ हळूहळू वाचली. डोळे पुसले. मग वहिनींचा हात धरला आणि सुभेदारांना म्हणाल्या,

"दोराचं बी लिवा."