पठाण मॅडमचा खुला फळा

नजमा पठाण मूळच्या गंगापूरच्या. बजाजनगरातल्या एका खासगी मराठी शाळेत त्या भूगोल शिकवत. स्वतः शाळेत असताना त्यांनी कधी हात वर केला नव्हता. उत्तर येत असूनही जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून शाळेला देणगीत टॅब मिळाले आणि इंटरनेटवरचा सामायिक फळा हाती आला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. पोरांनी आपापल्या टॅबवरून लिहायचं, ते रंगीत चिठ्ठ्यांसारखं भिंतीवरच्या पडद्यावर उमटायचं, आणि कोणी काय लिहिलं ते वर्गात कुणाला कळायचं नाही. वर्गात तोंड न उघडणारी पोरं तिथं भरभरून लिहू लागली.

मुख्याध्यापक मोतीराम औताडे सरांना मात्र हा फळा पाहुण्यांना दाखवण्यापुरता हवा होता. संस्थेचे पदाधिकारी येणार म्हटल्यावर त्यांनी बजावलं, "मॅडम, आठवीचा तास ठेवा. पोरांनी छान छान लिहिलं पाहिजे."

नजमांनी नेहमीसारखाच तास घेतला. 'आपल्याकडं पाणी कुठं कमी पडतं?' एवढाच प्रश्न टाकला. भराभर चिठ्ठ्या आल्या. टँकर उशिरा येतो. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाय. पाहुणे माना डोलवत होते. तेवढ्यात एक पिवळी चिठ्ठी उमटली : 'आम्ही मुली शाळेत पाणीच पीत नाही. संडासाला कुलूप असतं.'

लगेच तिच्याखाली दुसरी : 'चावी मागितली की सर सगळ्यांसमोर विचारतात, कशाला?' मग तिसरी : 'पोट लई दुखतं.'

औताडे सर ताडकन उठले. "पुसा ते. आधी पुसा! कोणी लिहिलंय? नावं दिसायची सोय असेल ना त्यात?"

"सोय आहे," नजमा म्हणाल्या. "पण दाखवणार नाही."

"मॅडम, पाहुण्यांसमोर शाळेची अब्रू..."

"पोरी दिवसभर तहानलेल्या बसतात, त्यात नाही गेली अब्रू? भिंतीवर दिसलं म्हणून गेली?" नजमांचा आवाज चढला होता. शिक्षिकांसाठी वेगळी सोय होती. त्यामुळे रोज त्या कुलपावरून जाऊनही आपल्याला काही वाटलं नाही, याचाही संताप त्यात होता. "चावी द्या, सर."

"कशाला?" सवयीनं सरांच्या तोंडून निघून गेलं.

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. नजमांना हसू आलं नाही. "पोरींना जायचंय. आत्ता."

सरांना चावी काढून द्यावी लागली. कुलूप गंजलेलं, हिसडे देऊन काढावं लागलं. आत जळमटं, नळ कोरडा. शिपाई सारजाबाईंनी बादल्या भरून आणल्या आणि नजमांनी ओढणी खोचून झाडू हातात घेतला. पाहुणे तोवर ऑफिसात कचोरी खात होते. निघताना त्यांतले एक म्हणाले, "उपक्रम चांगला आहे मॅडम, फक्त विषय जरा जपून निवडत जा." हे शब्द नजमांना थोबाडीत मारल्यासारखे लागले.

संध्याकाळी शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फळ्याचा फोटो झळकला. त्या तीन चिठ्ठ्या तेवढ्या कापलेल्या. नजमांनी तिथंच, सगळ्या पालकांदेखत, अख्खा फोटो टाकला.

सकाळी पालक गेटवर उभे होते, काही जण तर कंपनीची पाळी बुडवून आलेले. "पोरगी घरी आली की दप्तर टाकून आधी मोरीकडं पळती, ते यामुळं व्हय!" आठवीतल्या मोनिकाची आई सरांसमोर कडाडली.

कुलूप परत लागलं नाही. नळालाही पाणी आलं. पण टॅब 'दुरुस्तीसाठी' म्हणून कपाटात गेले आणि नजमांकडून आठवी काढून पाचवी दिली गेली. पाचवीतली पोरंही तशीच, मान खाली घालून गप्प बसणारी. त्यांच्यासाठी नजमा प्रत्येक बैठकीत उभ्या राहून टॅब मागतात. सर म्हणतात, "बघू." ते "बघू" ऐकलं की त्यांचं डोकं तडकतं, आणि पुढच्या बैठकीत त्या आणखी मोठ्यानं मागतात.