झाडाला कारण सांगा

झाडापुढे ओशाळा होणारा माणूस अख्ख्या जयपुरात एकच असेल, आणि तो नेमका माझा सासरा निघावा, हे माझं नशीब. तरुणपणी बाबा नायजेरियात एका लाकडाच्या कंपनीत होते. तोडायच्या झाडांवर रंगाने खूण करणं हे त्यांचं काम. येताना तिथल्या योरुबा लोकांची रानाची रीत ते आमच्या शास्त्री नगरातल्या हातभर अंगणात घेऊन आले. तिकडे म्हणे आभाळ दिसणार नाही एवढं घनदाट रान. आमच्याकडे एक कडुनिंब आणि एक कढीपत्ता. पण नियम सगळे लागू. साल काढायची तर उगवती-मावळतीच्या बाजूनेच, आणि जखमेवर ओली माती लिंपायची. शेंड्याची फळं पाखरांची. ठरावीक दिवशी रानाला सुट्टी, म्हणून त्या दिवशी आमचे पोहे कढीपत्त्याविना. मग पाहुणे बसलेले का असेनात.

सगळ्यांत कडक नियम म्हणजे झाडाकडून काही घेण्याआधी ते कशाला हवंय, हे त्याला मोठ्यांदा सांगायचं. पाडव्याला ओळखीच्या मराठी बायका कडुनिंबाचा पाला न्यायला आमच्याकडे येत. बाबा फाटकाशी उभेच. "आधी त्याला सांगा. आणि हिंदीत सांगा, झाड इथलं आहे." मग बँकेतल्या साहेबांच्या बायका पदर सावरत पुटपुटत, "नीमजी, मतलब, थोडे पत्ते चाहिए, त्योहार है." मी लाजेने स्वयंपाकघरात पळे.

पुढे माझ्या नवऱ्याने गाडी घेतली. ती आत यायला कडुनिंब आडवा येत होता. मला वाटलं, आता घरात महाभारत. पण बाबा एवढंच म्हणाले, "घर तुझं आहे, तोड. फक्त त्याला कारण सांग."

कुऱ्हाडवाला आला. शेजारपाजारचे गच्चीवर जमले. नवरा हसतच झाडासमोर उभा राहिला. त्याचं सगळं लहानपण त्याच फांद्यांवर गेलेलं. "बोलो ना, साब," कुऱ्हाडवाला म्हणाला. नवऱ्याने घसा खाकरला, वर पाहिलं आणि तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. 'गाडी' एवढासा शब्द, पण तोंडातून निघेना. शेवटी "भैया, आज रहने दो," म्हणून तो घरात निघून गेला.

मी चहा घेऊन बाहेर आले, तर बाबा झाडाखाली डोळे पुसत होते.

"जिंकलात की, बाबा!"

"कसलं जिंकलो! तिकडे नायजेरियात एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने मलाही असंच उभं केलं होतं. इरोकोचं झाड होतं, सगळ्या गावाने जपलेलं. म्हणाला, कारण सांग. मी हसत हसत सांगून टाकलं, माझी बढती आहे. आणि खोडावर खूण केली." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुझा नवरा लाजला गं. मी लाजलो नव्हतो."

स्वयंपाकघरात पळणाऱ्या मला त्या दिवशी माझीच लाज वाटली.

आता बाबा नाहीत. गाडी रस्त्यावर उन्हात तापते. पाडव्याला मी पाला मागते, हिंदीत. मागून झालं की बाबांच्या वतीने त्या दूरच्या झाडाची माफीही मागते. ती मात्र मराठीत, कारण ती बाबांची आहे.