गुंडीचे केस कोण विंचरायचं?

मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत, झपाटणं असलं काही वर्गात निघालं की पोरांना गप्प करणारी बाई मीच. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय... पण घडलं ते असं.

माझं माहेर नांदेड जिल्ह्यातलं उमरी. लग्न उशिरा झालं, अडतिसाव्या वर्षी, लातूरच्या मल्लिकार्जुन यांच्याशी. त्यांचं हार्डवेअरचं दुकान, औसा रोडच्या आतल्या कॉलनीत घर. पहिली बायको शिवलीला आजारपणात गेलेली. मूलबाळ नाही. मागे राहिली ती गुंडी — यॉर्कशायर टेरियर कुत्री, जेमतेम तीन किलोची. आमच्याकडे शर्टाच्या बटणाला गुंडी म्हणतात, तेवढीशी म्हणून ते नाव. पाठीवरून दोन्ही बाजूंना फरशीपर्यंत लोंबणारे रेशमासारखे केस, मधोमध भांग, आणि डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून कपाळावर लाल रबराची शेंडी.

खरं सांगते, राग त्या कुत्रीचा नव्हता. शिवलीलाचा होता. हे दुकानातून आले की पहिली हाक गुंडीला. मग तिला मांडीवर घेऊन केसांवरून हात फिरवत बसायचे. माझ्याशी बोलणं म्हणजे "जेवलीस का?", "गॅस बंद केला का?" माणूस वाईट नव्हता... फक्त तो हात माझ्या वाट्याला येत नव्हता.

एकदा म्हणाले, "गुंडीला रोज विंचरत जा. लीला दुपारी दोनला घेऊन बसायची. न्हाई तर लई जटा होतात."

लीला! मला अजून एकदाही नावानं हाक मारली नव्हती. मी "हाव" म्हटलं आणि कंगव्याला हातसुद्धा लावला नाही. होऊ देत जटा.

आठ दिवस गेले. एक गुंता नाही. भांग सरळ, शेंडी घट्ट. मला वाटलं, हेच गुपचूप विंचरतात. भांडले.

"मी सकाळी नऊला जातो, रात्री आठला येतो. कधी विंचरू?" ते म्हणाले. "आन् तूच विंचरून राहिली ना?"



मे महिन्यात ते भाच्याच्या लग्नाला मुदखेडला गेले, दोन दिवस. "गुंडीला उन्हात नको, तू थांब तिच्याजवळ." म्हणजे कुत्रीसाठी मी घरी!

त्या दुपारी मी ठरवलंच. शेंडीचं रबर काढून माझ्या मनगटात अडकवलं. दोन्ही हातांनी तिचे केस उलटेसुलटे विस्कटले, कंगवा डाळीच्या डब्यात लपवला. तिला मधल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. खिडकीला ग्रिल, त्यावर मच्छरजाळी. दाराशी खुर्ची टाकून बसले. दोन वाजून गेल्यावर आतून गुंडीचा एक सुस्कारा आला... ह्यांच्या मांडीवर असताना काढते ना, तसा.

अर्ध्या तासानं कडी काढली. भांग सरळ. कपाळावर शेंडी, शेंडीला लाल रबर. मी माझं मनगट बघितलं. रिकामं.

घाबरायला हवं होतं. पण मला संताप आला — मेल्यावरसुद्धा हिला हे घर सोडवत नाही! संध्याकाळीच रिक्षा करून गुंडीला कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नेलं. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, एवढे छान केस कामून कापता? किती मेहनत घेतली तुम्ही!"

"मशीन लाव," मी म्हटलं.

गुंडी ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली फक्त.

हे परतले, तिला तसं भादरलेलं पाहिलं. "उन्हाळा आहे म्हणून," मी म्हणाले. त्यांनी तिला उचललं आणि न जेवताच आत गेले.

तीन-चार दिवसांनी नळ आला. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, म्हणून आल्या दिवशी मी केस धुतले. दुपारी ते मोकळे सोडून कॉटवर पडले, डोळा लागला. जागी झाले ती मान ताणल्यासारखी वाटून. हात मागे नेला... वेणी. घट्ट, पाच पेडांची. मला तीन पेडांपलीकडे येत नाही. आणि दाराला आतून कडी होती.

तेवढ्यात बेल वाजली. डोकं दुखत होतं म्हणून हे लवकर आले होते. दार उघडून मी पाणी आणायला वळले, आणि ते उंबऱ्यातच थांबले.

"ही वेणी... कुणी घातली?"

"मीच."

त्यांना खोटं कळलं असावं. जवळ आले आणि वेणीवरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, सावकाश. लग्नाला आठ महिने झाले होते. तो हात पहिल्यांदा माझ्या केसांवर आला होता, आणि तो माझ्यासाठी नव्हता. तरी मी हलले नाही.

पुढे शेजारच्या काकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं. "हाव बाई, पाचपेडी शिवलीलाचीच. आख्ख्या कॉलनीत दुसरीला येत न्हाई," त्या म्हणाल्या.

आता वर्ष होऊन गेलं. गुंडीचे केस पुन्हा वाढलेत, आणि शाळेतून आले की दोन वाजता मीच तिला विंचरते. त्यानंतर काही घडलं नाही. झोपेत मीच वेणी घातली म्हणावं, तर जागेपणी जे येत नाही ते झोपेत कसं येईल? आणि ते रबर? विज्ञानाच्या बाईकडे याचं उत्तर नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा.

केस धुतले की मी अजूनही दुपारी मोकळे सोडूनच झोपते. मुद्दाम. उठते तेव्हा ते मोकळेच असतात.